हिरवी चौकट विझेपर्यंत

तोरसकर सरांना ऐकू येत नाही, ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. एक स्वतः सर आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी मालनबाई. घाटकोपरच्या भटवाडीतल्या शेजाऱ्यांना वाटायचं, माणूस जरा शिष्ट आहे, मागून हाक मारली तर वळत नाही. आयटीआयतल्या सहकाऱ्यांना वाटायचं, सर कामात बुडालेले असतात. लोकांनी आपापल्या सोयीचं कारण काढलं होतं आणि सरांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

अगदी ठार बहिरे नव्हते ते. आवाज यायचा, पण शब्द यायचे नाहीत. बंद दाराआड कोणी बोलत असावं तसं काहीतरी कानावर पडायचं. विक्रोळीकडच्या एका खासगी आयटीआयत ते बावीस वर्षं फिटर ट्रेडचे निदेशक होते आणि त्याआधी दहा वर्षं एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये. कान नेमके कधी गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गंमत म्हणजे वर्कशॉपमध्ये त्यांचं काही अडलंच नाही. तिथे ग्राइंडर सुरू असतो, वीस व्हाइसमध्ये पकडलेलं लोखंड वीस कानशी घासत असतात, चांगल्या कानाच्या माणसालाही शेजारचं बोलणं कळत नाही. तिथे सगळेच हाताने बोलतात. सर पोराच्या मागे उभे राहायचे, त्याचं कोपर धरून दोन इंच खाली आणायचे, आपल्या बुटाने त्याचा पाय मागे सरकवायचे, आणि पोराला काय ते समजायचं. उरलेलं ते समोरच्याचे ओठ वाचून भागवायचे.

ओठ वाचणं ही त्यांच्या घरातली विद्याच म्हणायची. वडील कुडाळकडून आलेले, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागलेले. तिथल्या मागांच्या खडखडाटात कामगार एकमेकांशी ओठांनीच बोलायचे, आणि नोकरी संपेपर्यंत बहुतेकांचे कान कामातून गेलेले असायचे. घरी आई वडिलांच्या समोर पाट घेऊन बसायची आणि तोंड नीट हलवून बोलायची, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पण चाळीतली पोरं वडिलांच्या मागून चालत त्यांना शिव्या घालायची, खिदळायची, आणि वडील आपले काही न कळून सरळ चालत राहायचे. लहानग्या जयवंतने, म्हणजे सरांनी, ते पाहिलं होतं. आपल्या मागून कोणी तसं चालू नये, एवढ्यासाठी चोपन्न वर्षांचा हा माणूस कानाला मशीन लावून घेत नव्हता. मशीन लावलं की लोकांना कळतं. हा निव्वळ वेडेपणा आहे, असं मालनबाई त्यांना सहा वर्षं सांगत होत्या. सर ते ओठांवरून वाचायचे आणि नजर दुसरीकडे वळवायचे. ऐकणं थांबवायची ही सोय मात्र त्यांना झकास जमली होती.

मग त्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि सरांचं तर जगच बंद झालं. माणसांनी तोंडाला मास्क लावले. वाणी, भाजीवाला, बँकेतली बाई, सगळ्यांचे ओठ आठवड्याभरात नाहीसे झाले. वाणी काहीतरी विचारायचा, सर मान डोलवायचे, आणि तूरडाळ आणायला गेलेला माणूस मसूरडाळही घेऊन घरी यायचा. मालनबाई डबे भरून ठेवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत, याचंच सरांना जास्त लागायचं.

जूनमध्ये संस्थेचं फर्मान निघालं. वर्कशॉप बंद, पण थिअरी फोनवरून शिकवायची, रोज दहा ते बारा. वीस जणांची बॅच. पहिले दोन दिवस पोरांनी कॅमेरे लावले, पण चेहरे बोटाच्या पेराएवढे, त्यातले ओठ कुठे वाचणार. तिसऱ्या दिवसापासून डेटा पुरत नाही म्हणून सगळ्यांनी कॅमेरे बंद केले. समोर उरले वीस काळे चौकोन आणि त्यात एकेक अक्षर. सरांनी दोन्ही कानांत इअरफोन कोंबले, आवाज शेवटपर्यंत वाढवला, तरी कानात नुसती गरगर. शेजारी बसू का, काय विचारतात ते कागदावर लिहून देते, असं मालनबाई म्हणाल्या. निदेशकाच्या वर्गात बायको बसवायची पद्धत अजून निघाली नाही, असं म्हणून सरांनी त्यांना आत पाठवलं.

आणि मग सरांना एक युक्ती सापडली. जो कोणी बोलेल त्याच्या चौकोनाभोवती हिरवी चौकट पेटायची. चौकट पेटली की सर आपलं बोलणं थांबवायचे, ती विझेपर्यंत गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचे, आणि विझली की म्हणायचे, "बरोबर. तसंच कर." नवल म्हणजे हे खपून गेलं. पोरांना बहुतेक वेळा ‘हो’च हवं असतं. डायग्राम पेन्सिलीने काढू ना, व्हर्निअरचं रीडिंग वहीत लिहू ना, असलेच प्रश्न. ज्याला खरंच काही अडलेलं असे तो टाइप करून विचारायचा, आणि त्याला सर चांगलं पानभर उत्तर लिहायचे. तोरसकर सर लॉकडाऊनमध्ये एकदम मऊ झालेत, कशालाच नाही म्हणत नाहीत, असं बॅचमध्ये बोललं जाऊ लागलं. वर्कशॉपमध्ये ज्याच्या तोंडून ‘हो’ काढायला पोरांना घाम फुटायचा तोच हा माणूस.

पाच महिने असे निघाले. सर तर थोडे फुशारले होते. या वयात, या कानांनी, आपण ऑनलाइन वर्ग चालवतो आहोत, असं त्यांना मनातून वाटायचं. आता हे फुशारणं पुढे त्यांना किती महागात पडलं ते सांगायचं आहे.

बॅचमध्ये एकच मुलगी होती, ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली दिपाली. वडिलांची, हरेश्वरांची, छोटी होडी. तिचं इंजिन बिघडलं की बाहेरून मेकॅनिक यायचा आणि ही लहानपणापासून त्याला पाने काढून द्यायची. बारावीनंतर तिने स्वतः फॉर्म भरला. पहिल्या दिवशी सरांनी तिला विचारलं होतं, ब्यूटी पार्लरचा कोर्स दुसऱ्या मजल्यावर आहे, तू चुकून आलीस का. ती म्हणाली होती, नाही सर, चुकून नाही. त्यानंतर सरांनी तसलं काही विचारलं नाही, आणि वर्कशॉप बंद होईपर्यंत तिच्या व्हाइसपाशी थांबल्याशिवाय ते कधी पुढे गेले नाहीत.

दसरा चार दिवसांवर आला होता. बारा वाजता वर्ग संपला, एकेक चौकोन नाहीसा झाला, आणि एकच मागे राहिला, त्यात ‘दि’ लिहिलेलं. चौकट पेटली. ती पुष्कळ वेळ पेटून राहिली. मध्येच विझली, सर तोंड उघडणार तोच पुन्हा पेटली. सर मान डोलवत राहिले. टाइप करून पाठव, असं सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं, हे त्यांनी नंतर स्वतः कबूल केलं. पण आत डाळीला फोडणी पडली होती, त्यांना भूक लागली होती, आणि पाच महिन्यांच्या यशाने माणूस सैल पडतोच. चौकट विझली. "बरोबर आहे," सर म्हणाले, "विचार करून ठरवलंयस ना, तसंच कर." पुढचे दोन-तीन क्षण तो चौकोन नुसताच राहिला आणि मग गेला.

दुसऱ्या दिवशी दिपाली वर्गाला नव्हती. त्यानंतरही नव्हती. रिचार्ज संपला असेल, असं सरांनी धरलं. पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, प्राचार्यांच्या ऑफिसातून त्यांना एक अर्ज आला, प्रशिक्षण सोडण्याचा. सोमवारपर्यंत निदेशकाचा शेरा हवा होता, म्हणजे नाव कमी करता येईल. अर्ज दिपालीचा होता. घरच्या अडचणीमुळे आणि हे काम आपल्याला जमणार नाही असं वाटल्यामुळे सोडत आहे, असं तिने लिहिलं होतं. आणि खाली: ‘याबाबत निदेशक श्री. तोरसकर सरांशी बोलले आहे. त्यांनाही हे बरोबर वाटते.’

सरांनी ते तीनदा वाचलं. मग फोन पालथा घातला आणि भिंतीकडे बघत बसले. मालनबाईंनी येऊन फोन उचलला, अर्ज वाचला, आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. सहा वर्षं ज्या गोष्टीची त्यांना भीती वाटत होती ती घडली होती, आणि ती त्यांच्या नवऱ्याच्या बाबतीत न घडता कोणा परक्या पोरीच्या बाबतीत घडली होती.

"त्या चेडवान तुमका काय इचारल्यान?" त्यांनी विचारलं. रागावल्या की त्या गावच्या बोलीत शिरायच्या.

"माहीत नाही."

"आणि तुमी हो म्हणालात."

एक पोरगी आपलं सगळं पुढचं आयुष्य त्यांच्या हातात देऊन विचारत होती आणि त्यांनी न ऐकता त्यावर सही ठोकली होती. सोमवारी शेरा दिला की तिची जागा जाणार. शेऱ्यात ‘माझी संमती नव्हती’ लिहायचं, तर मग हो का म्हणालात ते सांगावं लागणार. आणि ते सांगायचं तर निवृत्तीला चार वर्षं असताना खासगी संस्थेतल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की मशिनांच्या मध्ये उभा राहणारा हा निदेशक ऐकू शकत नाही. संस्था त्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर काढू शकते. सरांना हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि आधी भीती स्वतःची वाटली. त्याची लाज त्यांना नंतर वाटली.

त्यांनी दिपालीला मेसेज टाकला. एकच टिक आली. मालनबाईंनी फोन लावून पाहिला, तो बंद. शेवटी रविवारी दुपारी दोघं स्कूटरवर बसून निघाले. येऊ नकोस, असं सर म्हणाले होते. मालनबाईंनी चपला घातल्या, मास्क लावला आणि स्कूटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. गोवंडी मागे टाकेपर्यंत सरांचं उत्तर तयार झालं होतं. नेटवर्क. त्या दिवशी नेटवर्क खराब होतं, तुझं बोलणं तुटत होतं, म्हणून गैरसमज झाला. या वर्षात नेटवर्कवर काय काय ढकललं नाही लोकांनी! लग्नं मोडली, मयतांना यायचं टाळलं, सगळं नेटवर्कवर. एक आपलंही.

कोळीवाड्यात विचारत विचारत ते घरापाशी पोचले. दारासमोरच्या ओट्यावर ताडपत्रीवर जवळा वाळत घातला होता आणि दिपाली नळाखाली थर्माकोलचे खोके धूत होती. बाजार बंद झाल्यापासून तिची आई मंजुळा फोनवर ऑर्डरी घ्यायची आणि सोसायट्यांच्या गेटपर्यंत मासे पोचवायची. पोचवण्याचं काम आता दिपालीकडे होतं. सरांना बघून ती उठली, ओले हात ड्रेसला पुसले आणि गळ्यातला मास्क वर ओढला. आतून मंजुळाही मास्क लावून बाहेर आली. शहाण्या लोकांचं घर होतं. सरांसमोर आता चार डोळे होते आणि एकही ओठ नव्हता.

सरांनी नेटवर्कचं सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं, मध्ये एकदा खाकरलेसुद्धा. दिपाली ऐकत होती. मग ती काहीतरी बोलली, थोडंच, आणि सरांची मान सवयीने डोलायला लागली.

मालनबाईंनी त्यांचा दंड धरला. त्या वळून त्यांच्यासमोर आल्या, स्वतःचा मास्क हनुवटीवर ओढला आणि सावकाश, एकेक शब्द मोकळा करून म्हणाल्या, "ती म्हणते, नेटवर्क चांगलं होतं. तुमचा कॅमेरा चालू होता. ती बोलत होती तेव्हा तुम्ही सारखी मान डोलवत होतात."

दिपाली बघत होती. मालनबाईंच्या ओठांकडे, मग त्या ओठांवर खिळलेल्या सरांच्या डोळ्यांकडे. यंत्राकडे बघून कुठे काय बिघडलंय ते ओळखणारी मुलगी ती. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि मग ती हळूहळू गेली.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तरी सरांना वेळ लागला. मालनबाईंशिवाय आयुष्यात कोणाला न सांगितलेलं ते वाक्य होतं.

"मला ऐकू येत नाही, दिपाली. सहा वर्षं झाली. तू काय विचारलंस ते मला कळलंच नाही. मी सगळ्यांनाच हो म्हणतो."

मंजुळाने लेकीकडे पाहिलं. सरांना वाटलं होतं मुलीला दया येईल, आणि दयेचीच त्यांना धास्ती होती. पण दिपाली रागावली होती. तिचे डोळे भरून आले आणि आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्याने वर पाहिलं. मालनबाई तिचं बोलणं सरांपर्यंत पोचवत राहिल्या, काही न गाळता. ती म्हणत होती, पंधरा दिवस मी झोपले नाही. तुम्ही हो म्हणालात म्हणून मी अर्ज दिला. आणि मग तिने ते विचारलं, ज्याची सरांनी कल्पनाही केली नव्हती.

"ती म्हणते, मग वर्कशॉपमध्ये मला चांगलं म्हणायचात तेही असंच होतं का?"

सरांना कोणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसं झालं. नोकरी, मशीन, लोक काय म्हणतील, सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. बावीस वर्षं त्यांनी पोरांच्या हातांना जे काही दिलं होतं ते सगळं या एका मुलीपुढे खोटं पडायला आलं होतं, आणि तसं झालं असतं तर ते तिने कोणाकडून परत मिळवलं असतं.

"नाही," सर म्हणाले. "आठव जरा. तू घासून आणलेला पहिला चौकोनी जॉब मी किती वेळा परत केला?"

सरांनी बोटं वर केली.

"तीनदा. पहिल्यांदा कडा उतरल्या होत्या. दुसऱ्यांदा काटकोनाला गुण्या लावून उजेडाकडे धरला तर मधून फट दिसत होती. तिसऱ्यांदा माप बरोबर होतं, पण तू घाई केली होतीस, ते माझ्या बोटाला लागलं. तिन्ही वेळा मी तुला नाही म्हटलं. पोरं हसली तुला. जे मला ऐकू येत नाही त्याला मी हो म्हणतो, दिपाली. लोखंड बघायला मला कान लागत नाहीत. चौथ्या वेळी मी तो जॉब ठेवून घेतला. तो अजून माझ्या कपाटात आहे, नव्या बॅचला दाखवायला."

दिपालीने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. मग ती ओट्यावरून खाली उतरली आणि गल्लीच्या पलीकडच्या कडेला, चांगली आठ-दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली. ती काय करते आहे ते मंजुळाला कळेना, तिने हाक मारली. दिपालीने दोन्ही कानांमागून मास्क काढला, मुठीत धरला, आणि सरांकडे तोंड करून बोलायला लागली. सावकाश. पंधरा दिवसांपूर्वी जे बोलली होती तेच, पहिल्यापासून.

या वेळी मालनबाई काही बोलल्या नाहीत. सरांना सगळं दिसत होतं.

घरात आईला हाताशी माणूस पाहिजे, ती म्हणाली. ऑर्डरी पोचवायला कोणी नाही. पण ते एवढं खरं कारण नाही, सर. आठ महिने झाले, कानस हातात धरलेली नाही. फोनवर चित्रं बघून मला काही येत नाही, मी बाकीच्यांसारखी पाठ करू शकत नाही. वर्कशॉप उघडेल तेव्हा सगळे पुढे गेलेले असतील. मला फक्त एवढं सांगा, माझ्या हातात ते आहे का? नसेल तर मी उगाच एक जागा अडवून ठेवत नाही. तुम्ही म्हणाल तसं करते.

बोलून झाल्यावर ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. दोघांच्या मधून एक बाई बर्फाची लादी घेऊन गेली.

"आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला आणि ते त्यांना कळलं नाही, पण मालनबाईंना कळलं. "तुझ्या हातात ते आहे. एक खोड आहे. कानस पुढे गेली की डाव्या हाताचा दाब सोडायचा असतो, तो तू सोडत नाहीस, म्हणून पुढची कड उतरते. ते सहा महिन्यांत जाईल. फोनवर कोणालाच काही येत नाहीये, जे पाठ करतायत त्यांनाही नाही. कोणीही पुढे गेलेलं नाही. पण सोडायचं की राहायचं हे मी म्हणेन तसं नको करू. मी काय म्हणतो त्याचा भरवसा काय, ते तू बघितलंस."

तेव्हा मंजुळा मध्ये पडली. तिने मास्क खाली केला, सरांना दिसावं म्हणूनच, आणि म्हणाली, "मी कवा बोलले नाय तिला सोड म्हनून. मासली मी एकटी पन पोचवीन. सर बोलला सोड, म्हनून दोन दिस जेवली नाय पोर. मना सांगते पोटात दुखतंय."

दिपाली हसली, रडत रडतच. मंजुळाने चहा टाकला. मालनबाई ताडपत्रीपाशी बसून जवळा चिमटीत घेऊन बघू लागल्या आणि थोड्याच वेळात दोघी बायकांचं सुकटीवरून असं काही जमलं की सरांकडे कोणाचं लक्ष उरलं नाही.

दिपाली मास्क लावून जवळ आली. तिने खिशातला बंद फोन काढून सुरू केला आणि त्यावर टाइप करून तो सरांपुढे धरला. ‘मी अर्ज मागे घेते. लिहीन की माझाच विचार बदलला. तुमचं कोणाला सांगणार नाही.’

सरांनी ते वाचलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. सोमवार निघून जाईल. पुन्हा वर्ग, पुन्हा वीस चौकोन. चार वर्षं काय, अशी निघतील. त्यांनी मान वर केली तर मालनबाई जवळा हातात धरून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"नको," सर दिपालीला म्हणाले. "तू अर्ज दिलास म्हणून मला कळलं. उरलेल्या एकोणीस जणांनी या पाच महिन्यांत मला काय काय विचारलं असेल, आणि मी कशाकशाला हो म्हटलं असेल, ते मला अजून माहीतच नाही. उद्या आणखी कोणी विचारेल. कागद आहे का?"

तिने ऑर्डरींच्या वहीतलं मागचं कोरं पान फाडून दिलं. सर ओट्यावर बसले आणि मांडीवर वही ठेवून लिहू लागले. ‘मा. प्राचार्य यांस’, मग ‘विषय’, मग बावीस वर्षांच्या सवयीने ‘वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळवितो की’, आणि तिथे पेन थांबलं. त्यांनी ती ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘मला ऐकू येत नाही. दिपालीला मी दिलेली संमती ही न ऐकता दिलेली होती. चूक माझी आहे, तिचं नाव कमी करू नये. माझ्याबद्दल जे ठरवायचं ते ठरवावं.’ खाली सही केली, तारीख घातली.

त्यांनी पान दिपालीकडे दिलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून परत दिलं आणि मास्कच्या आतून काहीतरी बोलली. चार-पाच शब्द असतील.

सरांची मान जागची हलली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "कळलं नाही मला. परत सांग."

सहा वर्षांत हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. दिपाली दोन पावलं मागे सरली आणि तिने मास्क खाली ओढला.

"उद्या दहाला येते म्हटलं, सर," ती म्हणाली. "कॅमेरा लावून बसते."